बर्फातला मुका पिस्तुलवाला

काउबॉय आमच्या पिढीच्या पोरांना कसा भेटतो? एक म्हणजे 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची शिट्टी. ती कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलची रिंगटोन असतेच. दुसरं म्हणजे हॉस्टेलमध्ये या हार्ड डिस्कवरून त्या हार्ड डिस्कवर फिरणारे क्लिंट ईस्टवुडचे तीन पिक्चर. आणि तिसरं अर्थातच 'शोले'. या सगळ्यातून डोक्यात एक चित्र पक्कं बसतं. ऊन, धूळ, रापलेला चेहरा, दातांत विडीसारखी चिरूट, आणि शेवटी समोरासमोर उभं राहून ठो! आपला माणूस जिंकतो, घोड्यावर बसून निघून जातो. शुक्रवारी रात्री डोकं बाजूला काढून ठेवून बघायला याच्याइतकी निर्धोक गोष्ट नाही, अशी माझी ठाम समजूत होती.

ती मोडली त्याची ही गोष्ट.

झालं असं, की त्या गुरुवारी माझ्या रूममेटला (त्याला आपण बंड्या म्हणू) त्याच्या कंपनीत एका काचेच्या खोलीत बोलावलं गेलं. समोर दोघं बसलेले. अतिशय नम्रपणे त्याला सांगितलं, की दोन मार्ग आहेत. स्वतःहून राजीनामा दे, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाहीतर आम्हाला काढावं लागेल, आणि मग पुढच्या ठिकाणी चौकशी झाली तर आमचा नाइलाज. पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला म्हणे. बंड्याने सही केली. कुठेही आरडाओरडा नाही, आणि एकही कागद नियमाबाहेरचा नाही.

शुक्रवारी तो दिवसभर पंख्याकडे बघत पडला होता. म्हटलं याला जरा बरं वाटेल असं काहीतरी लावू. डिस्कवर एक इटालियन वेस्टर्न पडला होता, 'द ग्रेट सायलेन्स', १९६८ चा. मूळ नाव 'इल ग्रांदे सिलेंझियो', दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुची, संगीत एन्यो मोरिकोनेचं. मोरिकोने म्हटल्यावर मी पुढचं काही वाचलंच नाही. लावला. दीड-पावणेदोन तासांनी आम्ही दोघं गप्प बसलो होतो आणि चहा गार झाला होता.

तेव्हापासून हा पिक्चर माझ्या मागे लागलाय. गेले काही वीकेंड याच्या मागेपुढे जे काही वाचलं, पाहिलं, ते आज सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय या माणसाने काय उचापत करून ठेवलीय ते कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर रोमच्या चिनेचिता स्टुडिओत हॉलिवूडची मंडळी येऊन भव्य ऐतिहासिक पिक्चर काढायची, कारण स्वस्त पडायचं. त्यातून इटलीत तंत्रज्ञांची एक मोठी फौज तयार झाली. १९५८ च्या 'हर्क्युलीस'नंतर इटालियन निर्मात्यांनी स्वतःच पिळदार दंडांच्या पौराणिक वीरांचे पिक्चर खंडीने काढायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षांत लोकांना त्याचा कंटाळा आला आणि सगळा धंदा बसायला लागला. म्हणजे हातात सेट आहेत, घोडे आहेत, स्टंटवाले आहेत, फक्त गोष्ट संपलीय. आमच्या भाषेत सांगायचं तर बेंचवर बसलेली अख्खी टीम, आणि नवीन प्रोजेक्ट हवंय.

ते प्रोजेक्ट १९६४ मध्ये मिळालं. सर्जिओ लिओनेने 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला. अमेरिकन टीव्हीवरचा क्लिंट ईस्टवुड नावाचा नट १५,००० डॉलरमध्ये मिळाला. स्पेनमधलं आल्मेरियाचं माळरान मेक्सिकोची सरहद्द म्हणून खपवलं. इटालियन लोकांना इटालियन वेस्टर्न आवडणार नाही या भीतीने लिओनेने स्वतःचं नाव लावलं बॉब रॉबर्टसन आणि मोरिकोने झाला डॅन सॅव्हिओ! गोष्ट मात्र कुरोसावाच्या 'योजिम्बो'वरून (१९६१) सरळ उचललेली. जपानी कंपनीने दावा लावला आणि शेवटी जगभरच्या उत्पन्नातला १५ टक्के वाटा देऊन प्रकरण मिटलं. पण पिक्चर तुफान चालला आणि मग धरणाचे दरवाजे उघडावेत तसं झालं. पुढच्या दहा-बारा वर्षांत असे काहीशे पिक्चर निघाले. अमेरिकन समीक्षकांनी नाक मुरडून नाव ठेवलं, स्पॅगेटी वेस्टर्न. आपल्याकडे 'शोले'ला करी वेस्टर्न म्हणतात, त्यातलाच प्रकार.

या गर्दीत तीन सर्जिओ मोठे मानले जातात. लिओने, कोर्बुची आणि सोलिमा. लिओने म्हणजे संथ, भव्य, ऑपेरासारखा. कोर्बुची बरोबर उलटा. १९२६ साली रोममध्ये जन्मलेला, हाताला येईल तो पिक्चर करणारा, पौराणिक वीरांपासून विनोदी चित्रपटांपर्यंत सगळीकडे हात मारून आलेला. त्याच्या कामात घाई दिसते आणि ओबडधोबडपणाही दिसतो. पण त्याचं एक खूळ मला फार विलक्षण वाटतं. त्याचा नायक कधीच धड नसतो.

'मिनेसोटा क्ले'मधला (१९६४) पिस्तुलबाज आंधळा होत चाललाय, शेवटची लढाई तो कानांच्या भरवशावर लढतो. 'जांगो'मध्ये (१९६६) फ्रँको नेरो एक शवपेटी चिखलातून ओढत गावात येतो, तिच्यात मशीनगन असते, आणि पिक्चर संपायच्या आत त्याचे दोन्ही हात चिरडलेले असतात. (हा पिक्चर ब्रिटनमध्ये १९९३ पर्यंत सेन्सॉरने सोडला नव्हता.) पिस्तुलबाजाच्या पिक्चरमध्ये पिस्तुलबाजाचे डोळे काढून घ्यायचे, हात काढून घ्यायचे, आणि मग बघायचं की उरतं काय. एखादी सिस्टीम एकेक पार्ट काढत कुठवर चालते ते बघणाऱ्या टेस्टरसारखा हा माणूस.

१९६८ मध्ये त्याने आवाज काढून घेतला.

लिओनेचा नायक कमी बोलतो, हे आपल्याला माहीतच आहे. कोर्बुची म्हणाला, कमी कशाला, बोलूच नये. त्याचा नायक लहान असताना बक्षिसासाठी माणसं मारणाऱ्यांनी त्याच्या आईबापांना मारलं, आणि पोराने पुढे साक्ष देऊ नये म्हणून त्याच्या गळ्यावरून चाकू फिरवला. तो जगला, आवाज गेला. मोठेपणी त्याचं नावच सायलेन्स. एका अर्थी हा लिओनेवरचा टोमणा आहे, पण फार कडवट टोमणा.

हे काम केलंय ज्याँ-लुई त्रँतिन्याँ या फ्रेंच नटाने. 'अ मॅन अँड अ वुमन'मुळे (१९६६) तो युरोपभर रोमँटिक हिरो म्हणून गाजत होता. त्याने अट घातली की मी वेस्टर्न करीन पण संवाद पाठ करणार नाही, म्हणून नायक मुका झाला, असा एक किस्सा सांगतात. आणखीही एक किस्सा आहे, त्यात मुक्या पिस्तुलबाजाची कल्पना थेट मार्चेल्लो मास्त्रोयान्नीच्या नावावर जाते. खरं-खोटं कोर्बुचीच जाणे. पण तेव्हाच्या इटालियन पिक्चरची पद्धत पाहिली तर गंमत कळते. सेटवर आवाज नीट रेकॉर्ड करायचेच नाहीत. फ्रेंच नट फ्रेंच बोलायचा, जर्मन नट जर्मन, अमेरिकन इंग्रजी, आणि नंतर सगळ्यांच्या तोंडी डबिंगने एकच भाषा घालायची. त्यामुळे जुन्या स्पॅगेटी वेस्टर्नमध्ये ओठ आणि शब्द यांची कायम फारकत असते. या पिक्चरमध्ये एकच माणूस असा आहे की ज्याचं डबिंग कुठेच चुकत नाही!

आता पिक्चरकडे येऊ. (पुढे शेवट सांगणार आहे. ज्यांना पिक्चर आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा, बघून या. मी कुठे जात नाही.)

सगळ्यात पहिल्यांदा अंगावर येतो तो बर्फ. गोष्ट यूटा राज्यातली, साल १८९८, स्नो हिल नावाचं कल्पित गाव. शूटिंग झालं इटलीतल्या डोलोमाइट्स पर्वतात, कोर्तिना दाम्पेझ्झोच्या परिसरात. गावातले काही प्रसंग रोमच्या स्टुडिओतल्या कायमच्या वेस्टर्न सेटवर, आणि तिथे बर्फ म्हणून दाढीचा फेस वापरलाय. कळतं का? एकदा माहीत झालं की थोडं कळतं. पण डोंगरातला बर्फ खरा आहे आणि त्याने वेस्टर्नचे सगळे नियम मोडून टाकलेत. घोडा दौडत नाही, पोटापर्यंत रुततो आणि धापा टाकतो. लांबून येणारा माणूस धुळीच्या लोटातून येत नाही, पांढऱ्यावर एक काळा ठिपका म्हणून उगवतो आणि कितीतरी वेळ ठिपकाच राहतो. लोक गोधड्या आणि कातड्यांत इतके गुंडाळलेले असतात की पिस्तूल काढायलाच वेळ लागतो. मोरिकोनेचं संगीतही इथे शिट्ट्या-चाबूकवालं नाही. हळू, दुःखी, कोणी आजारी माणसाच्या उशाशी बसून वाजवावं तसं.

गावाबाहेरच्या डोंगरात काही माणसं लपून बसलीयत. कागदोपत्री ते फरारी गुन्हेगार आहेत. प्रत्यक्षात उपाशी शेतकरी, लाकूडतोडे वगैरे. गावचा बँकवाला पॉलिकट (लुइजी पिस्तिली) यांनाच गुन्हेगार ठरवून त्यांच्या डोक्यावर इनाम लावतोय. राज्याचा गव्हर्नर लवकरच सगळ्यांना माफी जाहीर करणार आहे अशी बातमी आहे. म्हणजे या माणसांना मारून पैसे कमवायची मुदत संपत आलीय. क्वार्टर एंड म्हणा हवं तर. त्यामुळे बक्षीसवाल्यांची घाई चाललीय.

या बक्षीसवाल्यांचा म्होरक्या लोको, म्हणजे क्लाउस किन्स्की. किन्स्कीला ज्यांनी इतर पिक्चरमध्ये पाहिलंय त्यांना तो डोळे फिरवून किंचाळणारा माणूस म्हणून माहीत असतो. इथे तो किंचाळत नाही. हळू बोलतो, सौजन्याने बोलतो, मेलेल्यांचा हिशोब वहीत लिहून ठेवतो. प्रेतं एकदम वाहून न्यायला जड, म्हणून वाटेत बर्फात पुरून ठेवतो आणि सवडीने काढून बक्षिसावर क्लेम करतो. डोंगर म्हणजे त्याचा फ्रिज! त्याला कोणाबद्दल राग नाही, सूड नाही. हा त्याचा व्यवसाय आहे आणि व्यवसाय कायदेशीर आहे.

आणि इथेच या पिक्चरचा सगळा पेच आहे. सायलेन्ससुद्धा कायद्याच्याच फटीतून काम करतो. तो समोरच्याला डिवचतो, पिस्तूल काढायला भाग पाडतो, त्याने आधी काढलं की मग मारतो, म्हणजे स्वसंरक्षण. शरण आला तर त्याचे अंगठे उडवतो, म्हणजे पुन्हा पिस्तूल धरता येऊ नये. हे चालतं कारण त्याच्याकडचं हत्यार भारी आहे. बाकी सगळे सहाबारी रिव्हॉल्व्हरवाले, आणि याच्याकडे माउझर सी-९६, त्या वेळचं अगदी नवं जर्मन सेमी-ऑटोमॅटिक. दहा गोळ्यांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे, आणि लाकडी म्यान मागे जोडलं की खांद्याला लावता येतं. १८९६ पासून बनायला लागलेलं, त्यामुळे १८९८ च्या गोष्टीत ते असणं कालविसंगत नाही. (जाता जाता, ही तीच माउझर. ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली, ती हीच. पुढे काकोरीच्या गाडीवर १९२५ मध्ये आवाज झाला तोही माउझरचाच.)

तर सायलेन्सचं अल्गोरिदम असं, की समोरचा आधी पिस्तूल काढणारच. आणि लोको काय करतो? तो काढत नाही. गुत्त्यात सायलेन्स त्याला डिवचतो, लोको हसतो, मार खातो, पण हात पिस्तुलाकडे नेत नाही. बस. अख्खा नायक हँग. नायकाची सगळी ताकद एका गृहीतकावर उभी होती आणि खलनायकाने ते शांतपणे वाचून ठेवलं होतं.

या प्रसंगाला बंड्या उठून बसला. म्हणाला, "अरे, या हरामखोराने एकही नियम मोडलेला नाही ना आतापर्यंत?" मी म्हटलं, "नाही." तो पुन्हा आडवा झाला.

मला नंतर प्रश्न पडला, की खऱ्या अमेरिकेत असं काही होतं का? का हे सगळं रोममध्ये बसून रचलेलं? पिक्चरच्या शेवटी एक पाटी येते, की १८९८ च्या या कत्तलीनंतर लोकांत संताप उसळला वगैरे. ते सोडून द्या, पाटी पिक्चरचाच भाग आहे. बक्षिसासाठी माणसं मारत हिंडणाऱ्यांच्या टोळ्या हा बराचसा सिनेमाचाच शोध. पण पैसेवाल्यांनी माणसाला गुन्हेगार ठरवायचं आणि मारायला भाड्याची माणसं आणायची, हे मात्र अगदी खरंखुरं घडलंय.

यूटाला लागूनच वायोमिंग. एप्रिल १८९२. तिथल्या बड्या गुरेमालकांच्या संघटनेला छोट्या शेतकऱ्यांचा त्रास व्हायला लागला होता, कारण मोकळ्या कुरणांवर ते कुंपणं घालत होते. मग या सगळ्यांना सरसकट गुरेचोर म्हणायचं ठरलं. टेक्ससहून बंदूकवाले भाड्याने आणले, चायेनहून खास आगगाडी केली आणि सुमारे पन्नास जणांची फौज जॉन्सन काउंटीवर निघाली. बरोबर मारायच्या माणसांची यादी होती. त्यात सत्तर नावं होती असं सांगतात. ९ एप्रिलला त्यांनी केसी रँचवर नेट चॅम्पियन आणि निक रे यांना गाठलं. रे सकाळीच पडला. चॅम्पियन एकटा दिवसभर लढत राहिला, आणि यातलं मला सगळ्यात अविश्वसनीय वाटतं ते हे, की गोळ्या झाडता झाडता तो वहीत नोंदी करत होता. शेवटी त्यांनी केबिन पेटवलं, तो बाहेर पळाला आणि मारला गेला. प्रेतावर गुरेचोरांना इशारा देणारी चिठ्ठी खोचली.

पुढचं आणखी भारी. बातमी पसरल्यावर शेरीफसकट शेकडो गावकऱ्यांनीच या फौजेला टीए रँचवर वेढलं. तेव्हा वायोमिंगच्या हंगामी गव्हर्नरने थेट राष्ट्राध्यक्ष हॅरिसनला तार केली आणि घोडदळ धावून आलं. कोणाला वाचवायला? आलेल्या मारेकऱ्यांना! खटला चायेनला चालला, साक्षीदार गायब झाले, खर्च परवडेना म्हणून १८९३ मध्ये सगळे मोकळे सुटले. एकालाही शिक्षा नाही. (मायकेल चिमिनोने १९८० मध्ये 'हेवन्स गेट' काढला तो यावरच.)

बक्षिसाचं उदाहरण हवं असेल तर जेसी जेम्स घ्या. मिसुरीच्या गव्हर्नर क्रिटेंडनने १८८१ मध्ये त्याच्यावर इनाम लावलं, पैसे रेल्वे कंपन्यांचे. एप्रिल १८८२ मध्ये त्याच्याच टोळीतल्या रॉबर्ट फोर्डने घरात, पाठीमागून गोळी घातली. फोर्ड बंधूंनी कोर्टात गुन्हा कबूल केला, फाशी झाली, आणि त्याच दिवशी गव्हर्नरने माफी दिली. हा प्रसंग पिक्चरमध्ये घातला असता तर आपण म्हटलं असतं, काहीतरीच काय!

म्हणजे कोर्बुचीचं स्नो हिल नकाशावर नसेल, पण हिशोबाची पद्धत तीच आहे.

तर पुन्हा बर्फात जाऊ. पॉलीन नावाच्या बाईचा नवरा लोकोने मारलाय. सूड घ्यायला ती सायलेन्सला हजार डॉलर देऊ करते आणि ते उभे करायला घर विकायला काढते. पॉलीनचं काम केलंय व्होनेटा मॅगी या कृष्णवर्णीय अमेरिकन नटीने. सायलेन्स आणि तिच्यात जे प्रेम होतं ते पिक्चर अगदी साधेपणाने दाखवतो. हळुवारपणे, दोन थकलेली माणसं एकमेकांजवळ येतात तसं. आज यात काही वाटणार नाही. पण अमेरिकेतल्या सोळा राज्यांत गोऱ्या-काळ्यांचं लग्नच बेकायदा होतं आणि ते कायदे सुप्रीम कोर्टाने रद्द केले जून १९६७ मध्ये, हे लक्षात घेतलं की कोर्बुची काय करत होता ते कळतं. हॉलिवूडचा वेस्टर्न तेव्हा या गल्लीत फिरकत नव्हता.

गव्हर्नरने पाठवलेला एक शेरीफसुद्धा आहे, बर्नेट (फ्रँक वुल्फ). भला माणूस, थोडा विनोदी. येताना त्याचा घोडा डोंगरातली भुकेली माणसं चक्क खाऊन टाकतात. तो लोकोला अटकही करतो. आपल्याला वाटतं, चला, खरा कायदा आला एकदाचा. मग लोको त्याला गोठलेल्या तळ्यावर गाठतो, पायाखालचा बर्फ गोळ्यांनी फोडतो आणि शेरीफ पाण्यात दिसेनासा होतो. एवढंच. पुढच्या दृश्यात बर्फ पुन्हा शांत.

आणि मग शेवट. सायलेन्सचा उजवा हात आधीच निखाऱ्यांत भाजून निकामी केलाय. लोकोने डोंगरातून खाली आलेल्या उपाशी माणसांना गुत्त्यात बांधून ठेवलंय आणि निरोप पाठवलाय, की ये. पॉलीन सांगते जाऊ नको. तो जातो. बर्फ पडतोय, तो दाराबाहेर उभा आहे, आतून प्रकाश येतोय. आता आपल्याला वाटतं की काहीतरी होईल. वेस्टर्न आहे, मोरिकोने वाजतोय, काहीतरी होणारच. खिडकीतून कोणीतरी त्याच्या दुसऱ्या हातावर गोळी झाडतो. मग लोको बाहेर येऊन त्याला मारतो. पॉलीन त्याचं पिस्तूल उचलते, तिलाही मारतो. मग ते सगळे आत वळतात आणि बांधलेल्या माणसांना एकेक करून संपवतात. लोको माउझर उचलून घेतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. बक्षीस नंतर येऊन घेऊ म्हणतो. सगळं कायद्यानेच केलंय.

कोर्बुचीच्या डोक्यात तेव्हा दोन मृत्यू होते असं सांगतात. फेब्रुवारी १९६५ मध्ये माल्कम एक्स, ऑक्टोबर १९६७ मध्ये चे गेव्हारा. दोघंही मारले गेले आणि शेवटच्या क्षणी कोणी घोड्यावरून आलं नाही. इटलीतही वातावरण तापलेलंच होतं. १ मार्च १९६८ ला रोममध्ये व्हाले जुलियाला विद्यार्थी आणि पोलिसांची जबरदस्त हाणामारी झाली. मुसोलिनीच्या राजवटीत १९३० साली केलेला दंडसंहितेचा ढाचा लोकशाही येऊन वीस वर्षं झाली तरी तसाच वापरात होता. कायदा आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे रोममधल्या प्रेक्षकाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पण निर्मात्यांना धंदाही करायचा होता. असला शेवट काही देशांत चालणार नाही म्हणून कोर्बुचीला दुसरा, गोड शेवट शूट करायला लावला. तो आता बघायला मिळतो आणि अक्षरशः हसू येतं. बुडालेला शेरीफ जिवंत होऊन घोडा फेकत येतो, लोकोला उडवतो, सायलेन्सच्या भाजलेल्या हातातून लोखंडी पंजा निघतो, बाकीचे पटापट मरतात, आणि शेरीफ सायलेन्सला आपला डेप्युटी करून घेतो. मला तर वाटतं कोर्बुचीने मुद्दाम इतका वाईट काढला, की कोणी वापरू नये. अमेरिकेत मात्र मूळ पिक्चरला थिएटरात नीट प्रदर्शित व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. दरम्यान टॅरँटिनोने 'द हेटफुल एट'मध्ये (२०१५) बर्फ, बक्षीसवाले आणि मोरिकोने हे सगळं एकत्र आणलं, आणि त्यासाठी मोरिकोनेला ऑस्करही मिळालं.

शेवट बदलायला लावणं म्हटलं की आपल्याला दुसरं काय आठवणार? 'शोले'. तिथेही हात नसलेला माणूस, तिथेही कायदा आणि सूड. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारून टाकतो. आणीबाणीचे दिवस, १९७५. सेन्सॉरने सांगितलं, माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालणार नाही. मग ऐनवेळी पोलिस येतात आणि ठाकूर थांबतो. तोच शेवट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. मूळ शेवटासकट दुरुस्त केलेली प्रत जून २०२५ मध्ये मोठ्या पडद्यावर आली, आणि कुठे? इटलीत, बोलोन्याच्या चित्रपट महोत्सवात! ज्या सरकारने देशभर लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं होतं त्याला पडद्यावर मात्र कायद्याचा विजय हवा होता.

एक गोष्ट इतका वेळ टाळतोय. बंड्याला काचेच्या खोलीत बोलावलं त्याच आठवड्यात मी माझ्या ऑफिसात एक एक्सेल शीट भरली होती. टीममधली चार नावं, प्रत्येकापुढे एक ते चार क्रमांक, कॉलम आधीच ठरवून दिलेले. मॅनेजर म्हणाला होता, फक्त क्रमांक टाक, बाकी प्रोसेस बघून घेईल. मी टाकले. नीट विचार करून, प्रामाणिकपणे टाकले असं तेव्हाही वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. चौथ्या नावाचा मुलगा पुढच्या महिन्यात दिसेनासा झाला. बंड्याला मी हे त्या रात्री सांगितलं नाही. चार महिन्यांनी, त्याला दुसरी नोकरी लागल्यावर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "वही तुझ्याकडेपण आहे म्हणजे."

परवा त्याला तो गोड शेवट दाखवला. शेरीफ घोड्यावरून आला तेव्हा तो खो खो हसला, लोखंडी पंजा निघाला तेव्हा तर टाळ्या वाजवल्या. संपल्यावर म्हणाला, "आता खरा लाव." मी विचारलं, "पहिल्यापासून?" म्हणाला, "नको, तळ्यापासून."